रजिस्टर म्हणजे मेमरी नव्हे: कर्नल हार्डवेअर कसं मॅप करतो

मार्च सरता सरता नागपुरात कूलरची साफसफाई सुरू होते, आणि इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टांमध्ये कूलरचा पंप आपोआप चालू-बंद करणारं सर्किट हमखास दिसू लागतं. बर्डीच्या बाजारातून आणलेलं, पंपाची वीज चालू-बंद करणारं रिले मॉड्यूल, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि टाकीत पाण्याची पातळी सांगणारा फ्लोट स्विच. पायथनची तयार लायब्ररी घेतली तर चार ओळींत पंप फिरतो. त्या चार ओळींच्या खाली ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं, एक मोठं काम चाललेलं असतं. ते नीट समजलं, तर ग्राफिक्स कार्ड असो की नेटवर्क कार्ड, कोणत्याही ड्रायव्हरचा, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या कोडचा, सुरुवातीचा भाग वाचता येतो.

तळाशी घडतं ते एवढंच: प्रोसेसर एका पत्त्यावर ३२ बिटांचा आकडा लिहितो आणि रिले टक् करतो. रास्पबेरी पाय ४ वर (पुढे नुसतं ‘पाय ४’) रिले जीपीआयओ १७ या चालू-बंद करता येणाऱ्या पिनला जोडला असेल, तर तो फिजिकल पत्ता एफई२०००१सी असतो आणि आकड्यात फक्त १७ नंबरचं बिट १ असतं. (या लेखातले सगळे पत्ते आणि ऑफसेट, म्हणजे उपकरणाच्या पहिल्या पत्त्यापासूनची अंतरं, सोळाच्या पायातले, म्हणजे हेक्समधले आहेत.) सी भाषेत हे पॉइंटरमधून लिहिण्याइतकंच दिसतं. ते मेमरीत लिहिल्यासारखं दिसतं म्हणूनच घोटाळे होतात, कारण त्या पत्त्यावर मेमरी नसतेच.

एकाच रांगेत रॅम आणि उपकरणं

प्रोसेसर बाहेरच्या जगाशी बोलतो ते पत्त्यांतून. या पत्त्यांच्या लांबलचक रांगेतला काही भाग रॅमला दिलेला असतो आणि काही उपकरणांच्या रजिस्टरांना, म्हणजे उपकरणाला हुकूम देण्याच्या आणि त्याची स्थिती वाचण्याच्या छोट्या कप्प्यांना. कोणता पत्ता कुठे जायचा, हे चिपच्या आतली बस, म्हणजे भागांना जोडणारी वाट, ठरवते. प्रोसेसर दोन्हीकडे तीच लोड आणि स्टोअरची सूचना वापरतो. याला मेमरी मॅप्ड आयओ म्हणतात. इंटेलच्या जुन्या परंपरेत यासोबत ६५,५३६ पोर्टांची वेगळी रांगही आहे. तिच्यासाठी इन आणि आउट या खास सूचना लागतात. पीसीचा पहिला सीरियल पोर्ट अजून तिथे ३एफ८ वर सापडतो. रास्पबेरी पायमध्ये असतो त्या एआरएम प्रोसेसरात अशी वेगळी रांग नाही. आजची बहुतेक उपकरणं पत्त्यांच्या मुख्य रांगेतच बसतात.

या वाटणीचा फटका अनेकांनी न कळत अनुभवलेला आहे. ३२ बिटी विंडोजच्या पीसीत ४ जीबी रॅम टाकली आणि वापरायला जेमतेम सव्वातीन जीबीच मिळाली, अशी तक्रार एके काळी घरोघरी होती. रॅम खराब नव्हती. ४ जीबीच्या रांगेतला वरचा पट्टा ग्राफिक्स कार्ड आणि इतर उपकरणांनी व्यापला होता, आणि त्या जागेवरच्या रॅमला पत्ताच उरला नव्हता.

लिनक्समध्ये ही वाटणी डोळ्यांनी पाहता येते. /प्रॉक/आयओमेम ही फाइल रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून उघडा. (साध्या युजरला सगळे पत्ते शून्य दिसतात, तो बिघाड नव्हे.) पाय ४ वर तिथे एफई२००००० ते एफई२०००बी३ अशी एक ओळ दिसेल आणि पुढे जीपीआयओ@७ई२००००० असं नाव. एकाच ओळीत एकाच उपकरणाचे दोन पत्ते का, ते पुढे येईलच.

नकाशा आणि नकाशावरची नोंद

आधुनिक प्रोसेसरवर चालणारा कोड फिजिकल पत्ता थेट वापरत नाही. अगदी कर्नलसुद्धा नाही. कोडच्या हातात असतो व्हर्च्युअल पत्ता, आणि त्याचं फिजिकल पत्त्यात रूपांतर एमएमयू हे प्रोसेसरमधलं युनिट पेज टेबल पाहून करतं. हे टेबल सहसा ४,०९६ बाइटांच्या पानांच्या हिशेबानं चालतं.

नागपूरकराला ही दुहेरी पद्धत ओळखीची आहे. घराचा पत्ता आपण ‘प्लॉट नंबर १७, अमुक ले-आउट’ असा सांगतो. प्लॉट नंबर १७ शहरातल्या जवळपास प्रत्येक ले-आउटमध्ये असतो आणि कुणाचा गोंधळ होत नाही. खरी जमीन ओळखली जाते ती मौजा आणि खसरा नंबरवरून, आणि कोणता प्लॉट कोणत्या खसऱ्यात पडतो हे ले-आउटचा मंजूर नकाशा सांगतो. व्हर्च्युअल पत्ता म्हणजे प्लॉट, फिजिकल पत्ता म्हणजे खसरा, पेज टेबल म्हणजे तो नकाशा. प्लॉट घेताना जाणता माणूस खसऱ्यावर थांबत नाही. ती जमीन निवासी आहे, शेतीची आहे की उद्यानासाठी राखीव आहे, हेही पाहतो. पेज टेबलच्या प्रत्येक नोंदीत असंच एक टिपण असतं: हे पान साध्या मेमरीचं आहे की उपकरणाचं.

मॅपिंग म्हणजे नुसतं पत्त्याला पत्ता जोडणं, असा समज पक्का असतो. आमच्या मते ते सोपं अर्धं काम आहे. ड्रायव्हर तरतो की बुडतो, ते या टिपणावर ठरतं.

हे टिपण फक्त तीन बिटांचं असतं. ६४ बिटी एआरएममध्ये ही तीन बिटं मायर नावाच्या रजिस्टरातल्या आठ कप्प्यांपैकी एक निवडतात, आणि त्या पानाशी प्रोसेसरनं कसं वागायचं ते त्या कप्प्यात लिहिलेलं असतं. इंटेल आणि एएमडीमध्येही तीन बिटं आणि आठ कप्पेच. तिथे त्याला पॅट म्हणतात.

पान चुकीच्या प्रकारानं मॅप झालं तर

समजा जीपीआयओचं पान साध्या रॅमसारखं, कॅशसह (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान साठवणीसह) मॅप झालं. प्रोग्राम पंप सुरू करण्यासाठी एफई२०००१सी वर लिहितो. लिखाण कॅशमध्ये जाऊन बसतं. प्रोसेसरच्या लेखी काम झालं. बसपर्यंत काहीच गेलेलं नाही, रिले गप्प. ती कॅश लाइन, म्हणजे कॅशमधला तो तुकडा, कधीतरी बाहेर पडेल तेव्हा पंप सुरू होईल: दोन सेकंदांनी, दोन मिनिटांनी, किंवा प्रोग्राम संपल्यावर.

वाचताना उलटी गत. फ्लोट स्विच जीपीआयओ २७ वर असेल तर त्याची स्थिती ऑफसेट ३४ च्या रजिस्टरात दिसते. पहिल्यांदा वाचलेली किंमत कॅशमध्ये राहते आणि पुढचं प्रत्येक वाचन तीच किंमत देत राहतं. टाकी कोरडी पडली तरी प्रोग्रामला पाणी दिसतं, आणि पंप कोरडा फिरून जळतो.

तिसरा परिणाम सगळ्यांत वाईट. पाय ३ आणि पाय ४ च्या प्रोसेसरांत कॅश लाइन ६४ बाइटांची असते. जीपीआयओच्या पानात ऑफसेट ० ते ३एफ एवढा तो तुकडा होतो. पिनचा प्रकार ठरवणारी, पिन चालू करणारी, बंद करणारी आणि स्थिती सांगणारी, सगळी रजिस्टरं त्या एकाच लाइनमध्ये येतात. एक बिट लिहिण्यासाठी प्रोसेसर आधी पूर्ण लाइन वाचून घेणार आणि नंतर पूर्ण लाइन परत लिहिणार. ज्या रजिस्टरांना हात लावायचा नव्हता त्यांवरही लिखाण होणार.

साध्या रॅममध्ये यातलं काहीच बाधत नाही, कारण रॅमचं वचन एवढंच असतं की शेवटी लिहिलेलं वाचताना मिळेल. किती वेळा लिहिलं, कोणत्या क्रमानं लिहिलं, एकदम ८ बाइट लिहिले की एकेक, याच्याशी रॅमला देणंघेणं नसतं. प्रोसेसर आणि कंपायलर या सवलतीचा पुरेपूर फायदा घेतात, आणि आपले संगणक वेगवान आहेत ते त्यामुळेच. उपकरणाला मात्र हे सगळं महत्त्वाचं. पाय ४ चा पीएल०११ सीरियल पोर्ट घ्या: त्याचं डेटा रजिस्टर वाचलं की रांगेतला एक बाइट निघून जातो. प्रोसेसरनं ‘पुढे लागेल’ म्हणून ते आधीच वाचून ठेवलं, तर तो बाइट कायमचा हरवला. काही स्टेटस रजिस्टरं तर वाचताक्षणी साफ होतात.

म्हणून एआरएममध्ये उपकरणांच्या पानांसाठी तीन गोष्टी स्वतंत्रपणे ठरवता येतात. दोन लिखाणं एकत्र करायची का, क्रम बदलायचा का, आणि लिखाण उपकरणापर्यंत पोचण्याआधीच वाटेतल्या कुणी ‘पोचलं’ म्हणायचं का. लिनक्सचं नेहमीचं मॅपिंग पहिल्या दोन्हींना मनाई करतं आणि तिसऱ्याला मुभा देतं. ही मुभा लक्षात ठेवा, क्रमाच्या भागात तिची गरज पडेल.

ड्रायव्हरमधला नेमका क्रम

कर्नलमध्ये काम तीन टप्प्यांत होतं. आधी रिक्वेस्ट_मेम_रीजननं तो पट्टा आपल्या नावावर राखून ठेवायचा. मग आयओरीमॅपला फिजिकल पत्ता आणि लांबी द्यायची. ते कर्नलच्या व्हर्च्युअल पत्त्यांतली मोकळी जागा शोधतं, पेज टेबलात उपकरणाच्या प्रकाराची नोंद करतं आणि एक पॉइंटर देतं. शेवटी त्या पॉइंटरवर रीडएल आणि राइटएल वापरून ३२ बिटांचं वाचन-लेखन करायचं. ८, १६ आणि ६४ बिटांसाठी रीडबी, रीडडब्ल्यू, रीडक्यू अशी भावंडं आहेत.

नव्या ड्रायव्हरमध्ये पहिले दोन टप्पे हातानं लिहू नका. डेव्हएम_प्लॅटफॉर्म_आयओरीमॅप_रिसोर्स हे एकच फंक्शन दोन्ही करतं आणि ड्रायव्हर निघाला की मॅपिंग आपोआप सोडतं. जुन्या ड्रायव्हरांत पट्टा राखला, आयओरीमॅप फसलं आणि पट्टा सोडायचा राहिला, असा प्रकार वारंवार आढळतो. मग ड्रायव्हरचं मॉड्यूल पुन्हा लोड करताना उणे १६, म्हणजे ‘जागा व्यस्त’ अशी चूक येते आणि रीबूट केल्याशिवाय जात नाही.

उणे १६ चं आणखी एक कारण असतं, आणि ते अगदी योग्य असतं. पाय ४ वर जीपीआयओचा पट्टा कर्नलच्या स्वतःच्या ड्रायव्हरनं आधीच राखलेला आहे. तुमचा मॉड्यूल तोच मागू लागला तर कर्नल नकार देणारच. तो नकार टाळण्यासाठी राखायचा टप्पा गाळून थेट आयओरीमॅप करणारे बरेच असतात. ते चालतंही. पण मग एकाच रजिस्टरावर एकमेकांची खबर नसलेले दोघं लिहू लागतात. शिकण्यासाठी करा. खऱ्या कूलरला जोडायचं असेल तर कर्नलच्या जीपीआयओ इंटरफेसमधूनच जा.

दोघं लिहू लागल्यावर काय होतं, त्याचं उदाहरण याच चिपमध्ये आहे. पिन इनपुट की आउटपुट हे ठरवणाऱ्या रजिस्टरांत प्रत्येक पिनला तीन बिटं आणि एका रजिस्टरात दहा पिना असतात. १७ नंबरची पिन ऑफसेट ०४ च्या रजिस्टरात २१ ते २३ या बिटांवर येते. तिथे ००१ लिहिलं की ती आउटपुट होते. घाईत कुणी ‘१ ला २१ घरं सरकव आणि लिहून टाक’ केलं, तर त्याच रजिस्टरातल्या १० ते १९ मधल्या इतर नऊ पिना ०००, म्हणजे इनपुट होतात. त्यांत १४ आणि १५ आहेत, आणि सीरियल कन्सोल त्यांवरच चालतो. पंप फिरतो आणि कन्सोल मुका होतो. म्हणून आधी वाचा, आपली तीन बिटं साफ करा, ००१ भरा, मग लिहा. आणि हे सगळं लॉक धरून करा, नाहीतर वाचणं आणि लिहिणं यांच्या मधे दुसरा कुणी घुसेल. पिन चालू करायला ऑफसेट १सी आणि बंद करायला ऑफसेट २८ अशी वेगळी रजिस्टरं दिली आहेत ती याच कारणानं. तिथे १ लिहिलेल्या पिनेवरच परिणाम होतो, ० ला काही अर्थ नसतो. आधी वाचावं लागत नाही, लॉकही लागत नाही. चिप आखणाऱ्यांनी इथे फार चांगलं डोकं वापरलं आहे.

रीडएल आणि राइटएल कशाला, पॉइंटरमधून थेट का नाही, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. पॉइंटरला व्होलाटाइल लावलं की कंपायलर ते लिखाण गाळणार नाही, हे खरं. पण व्होलाटाइलचा अधिकार कंपायलरपुरता असतो. प्रोसेसर आणि बस यांच्यावर त्याचा काही जोर चालत नाही. शिवाय लिखाण नेमकं किती बिटांचं होईल आणि आधीच्या साध्या मेमरीतल्या लिखाणाच्या मानानं त्याचा क्रम काय, याची हमी राइटएल देतं. आयओरीमॅपच्या पॉइंटरवर आयओमेम अशी खूण असते. ती मोडून थेट वापर केला तर स्पार्स हे तपासणीचं साधन इशारा देतं. मेक करताना सी=१ द्या आणि तो इशारा गांभीर्यानं घ्या.

साधं मेमकॉपीही इथे चालत नाही. ते वेगासाठी वेड्यावाकड्या रुंदीची, न जुळणाऱ्या पत्त्यांवरची वाचनं करतं, आणि ६४ बिटी एआरएमवर उपकरणाच्या पानात पत्ता जुळला नाही की थेट अलाइनमेंट फॉल्ट येतो. त्याऐवजी मेमकॉपी_टूआयओ आणि मेमकॉपी_फ्रॉमआयओ आहेत.

पत्ता आणायचा कुठून

आता त्या दोन पत्त्यांकडे. ब्रॉडकॉमच्या चिपच्या कागदपत्रांत जीपीआयओचा पत्ता ७ई२००००० दिलेला असतो. तो चिपच्या आतल्या बसचा पत्ता. एआरएम प्रोसेसरला तेच उपकरण पाय १ वर २०२०००००, पाय २ आणि ३ वर ३एफ२०००००, तर पाय ४ वर एफई२००००० या पत्त्यावर दिसतं. डिव्हाइस ट्री या वर्णनाच्या फाइलमध्ये बसचाच पत्ता आणि बी४, म्हणजे १८० बाइट, अशी लांबी लिहिलेली असते. त्याच फाइलमधली रेंजेस ही नोंद बसच्या पत्त्याचं प्रोसेसरच्या पत्त्यात रूपांतर सांगते. कर्नल ते रूपांतर स्वतः करतो. म्हणून पत्ता ड्रायव्हरमध्ये आकडा म्हणून कधीच लिहू नये.

कागदपत्रातला ७ई२००००० थेट आयओरीमॅपला दिला तर काय होतं? २ जीबी किंवा जास्त रॅमच्या पाय ४ वर त्या पत्त्यावर चक्क रॅम आहे. कर्नल रॅमला उपकरण म्हणून मॅप करायला नकार देतो, लॉगमध्ये इशारा टाकतो आणि नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, परत करतो. तोच कोड १ जीबीच्या पाय ३ वर नेला तर तिथे रॅमही नाही आणि जीपीआयओही नाही; मॅपिंग बिनबोभाट होतं आणि पहिल्या वाचनाला घोळ होतो. चूक एकच, लक्षणं दोन. पाय ५ मध्ये तर पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपवर गेल्या आहेत आणि ती पीसीआय एक्सप्रेस या, पीसीत कार्डं जोडणाऱ्या बसनं जोडलेली आहे. जुन्या पत्त्यांवर लिहिणारा कोड तिथे चालूच शकत नाही.

पीसीआयच्या जगात पत्ता वर्णनात लिहिलेला नसतो, तो मशीन सुरू होताना वाटला जातो. प्रत्येक कार्डात जास्तीत जास्त सहा बार, म्हणजे बेस अ‍ॅड्रेस रजिस्टरं असतात. कार्डाला किती जागा हवी हे विचारायची पद्धत सुंदर आहे. बारमध्ये सगळी बिटं १ लिहायची आणि परत वाचायचं. कार्ड जी बिटं बदलू देत नाही ती ० येतात. समजा एफएफएफएफ०००० आलं. खालची चार बिटं प्रकार सांगतात, ती बाजूला ठेवायची. उरलेलं उलटं करून १ मिळवला की १००००, म्हणजे ६४ केबी. ६४ बिटी बार दोन जागा खातो. हे मोजमाप चालू असताना कार्डाचं पत्ते ओळखणं कमांड रजिस्टरातून बंद ठेवावं लागतं, नाहीतर मधल्या वेळात कार्ड भलत्याच पत्त्याला उत्तर देऊ लागतं. हे सगळं फर्मवेअर आणि कर्नल करून ठेवतात. ड्रायव्हरनं पीसीआय_एनेबल_डिव्हाइस बोलावलं म्हणजे झालं. ते विसरलात की प्रत्येक वाचनाला एफएफएफएफएफएफएफएफ येतं. चालू कार्डाकडून अचानक सगळे एफ येऊ लागले तर कार्ड निखळलंय किंवा त्याची लिंक पडली आहे, असंच समजा.

३२ बिटी एआरएम कर्नलवर जागेचीही अडचण असते. आयओरीमॅप ज्या पट्ट्यातून व्हर्च्युअल जागा देतं तो तिथे मुळात २४० एमबीचा असतो. २५६ एमबीचा बार अख्खा मॅप करायला जाल तर जागाच मिळणार नाही. जेवढं लागतं तेवढंच मॅप करा.

क्रम आणि ‘पोचलं’ याचा अर्थ

राइटएल परत आलं म्हणजे उपकरणाला आकडा मिळाला, असं नाही. मघाची मुभा इथे आडवी येते. पीसीआयमध्ये मेमरीवरची लिखाणं पोस्टेड असतात: वाटेतला ब्रिज ती ठेवून घेतो आणि प्रोसेसरला मोकळं करतो. समजा उपकरण रीसेट करायचं आहे. रीसेटचं बिट लिहिलं, १० मायक्रोसेकंद थांबलो, बिट काढलं. पहिलं लिखाण त्या दहांतले नऊ मायक्रोसेकंद ब्रिजमध्येच असेल, तर उपकरणाला रीसेट फक्त एक मायक्रोसेकंद दिसला. कधी चालतं, कधी नाही. उपाय साधा आहे: लिहिल्यावर त्याच उपकरणातलं एखादं निरुपद्रवी रजिस्टर वाचा. वाचनाचं उत्तर यायला आधीची लिखाणं पोचावीच लागतात. इंटरप्टची, म्हणजे उपकरणानं प्रोसेसरला दिलेल्या हाकेची, पोच दिल्यावरही हेच. पोच वाटेतच असताना ती हाक हाताळणारा हँडलर परतला, तर तोच इंटरप्ट पुन्हा वाजतो आणि लॉगमध्ये कुणाचाच नसलेला इंटरप्ट दिसतो.

नेटवर्क कार्डात क्रमाचा दुसरा प्रश्न येतो. पॅकेटचं वर्णन रॅममध्ये लिहायचं आणि मग कार्डाच्या डोअरबेल रजिस्टरात लिहून ‘काम आलंय’ कळवायचं. दुसरं लिखाण पहिल्याच्या आधी पोचलं तर कार्ड शिळं वर्णन वाचून भलतंच पॅकेट पाठवतं. राइटएल हा क्रम राखतं. राइटएल_रिलॅक्स्ड राखत नाही. रिलॅक्स्ड वेगवान असतं म्हणून सरसकट तेच वापरण्याचा मोह आवरा. जिथे वेग मोजून सिद्ध झाला आहे आणि अडथळा (मेमरी बॅरिअर, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या लिखाण-वाचनाचा क्रम राखायला लावणारी सूचना) स्वतः घातला आहे, तिथेच ते शोभतं.

पहिल्या पायच्या बीसीएम२८३५ या चिपच्या कागदपत्रांत याच्याही पुढची ताकीद आहे. एका उपकरणातली वाचनं क्रमानं येतात. पण दोन वेगवेगळ्या उपकरणांतून वाचलं तर उत्तरं उलटसुलट येऊ शकतात, म्हणून एकावरून दुसऱ्यावर जाताना मेमरी बॅरिअर घाला, असं तिथे स्पष्ट लिहिलंय.

कडक क्रम नेहमीच हवा असतो असंही नाही. १९२० बाय १०८० चा पडदा घ्या, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट. एका चित्रासाठी ८२,९४,४०० बाइट लागतात. चार-चार बाइटांनी एकेक लिखाण केलं तर २०,७३,६०० फेऱ्या होतात. तीच लिखाणं ६४ बाइटांच्या गठ्ठ्यात एकत्र केली तर १,२९,६००. चित्राच्या ठिपक्यांना क्रमाचं सोयरसुतक नसतं, म्हणून फ्रेमबफर, म्हणजे पडद्यावरचं चित्र ठेवणारी मेमरी, आयओरीमॅप_डब्ल्यूसीनं, म्हणजे लिखाणं एकत्र करण्याची परवानगी देऊन मॅप करतात. पण त्याच कार्डाच्या नियंत्रण रजिस्टरांना ही परवानगी कधीही देऊ नका. आणि एकच फिजिकल पान एकीकडे कॅशसह, दुसरीकडे कॅशशिवाय असं दोन प्रकारांनी मॅप करू नका. एआरएम आणि इंटेल या दोन्ही प्रोसेसर घराण्यांत त्याचा परिणाम बेभरवशाचा असतो.

उपकरण स्वतः रॅम वाचतं तेव्हा त्याचा पत्ता आणखी वेगळा, कारण मधे आयओएमएमयू, म्हणजे उपकरणांसाठीचं एमएमयू, असू शकतं. तिथे डीएमए_मॅप_सिंगलसारखी फंक्शनं जो पत्ता देतील तोच उपकरणाला सांगायचा. कर्नलचा पॉइंटर नव्हे आणि फिजिकल पत्ताही नव्हे.

युजर प्रोग्रामच्या हातात पान देताना

पंपाचा प्रोग्राम साध्या युजरचा असेल तर त्याच्या पेज टेबलात ते पान घालायचं काम एममॅप करतं. पूर्वी सर्रास /डेव्ह/मेम उघडून हे होई. ती फाइल म्हणजे अख्ख्या फिजिकल रांगेची किल्ली आहे, म्हणून आजचे कर्नल तिच्यावर कडक बंधनं घालतात. रास्पबेरी पायवर त्याऐवजी /डेव्ह/जीपीआयओमेम मिळते. ती फक्त जीपीआयओचं पान देते आणि जीपीआयओ ग्रुपमधल्या युजरला पुरते. ऑफसेट ० द्या, लांबी ४,०९६, आणि मॅप_शेअर्ड. मॅप_प्रायव्हेट दिलंत तर लिखाण तुमच्या खासगी प्रतीत जातं, हार्डवेअरला त्याचा पत्ताच लागत नाही.

ड्रायव्हरच्या बाजूनं एममॅप लिहिताना तीन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, मागितलेली लांबी आणि ऑफसेट मिळून उपकरणाच्या पट्ट्याबाहेर जात नाहीत ना, हे तपासा. ही एक तपासणी राहिली की साधा युजर शेजारच्या फिजिकल पानांवर पोचतो, आणि तिथे कर्नलचीच रॅम असू शकते. अशा त्रुटी अनेक ड्रायव्हरांत सापडल्या आहेत. व्हीएम_आयओमॅप_मेमरी हे फंक्शन ही तपासणी स्वतः करतं, म्हणून शक्य तिथे तेच वापरा. दुसरी, पानाच्या संरक्षणाची बिटं पीजीप्रॉट_नॉनकॅश्डनं बदला. इथे विसरलात तर वर सांगितलेलं कॅशचं सगळं रामायण युजरच्या प्रोग्रामात घडतं. तिसरी, आयओ_रीमॅप_पीएफएन_रेंजला पत्ता नव्हे तर पानाचा क्रमांक द्या. एफई२००००० चा पान क्रमांक एफई२००, शेवटचे तीन हेक्स अंक गळतात. पत्ताच दिला तर मॅपिंग भलतीकडे होतं.

एक मर्यादा मात्र कोणत्याच कोडनं सुटत नाही. उपकरण १८० बाइटांचं असलं तरी एमएमयू पूर्ण ४,०९६ बाइटांचं पानच देतं. त्याच पानात दुसऱ्या उपकरणाची रजिस्टरं असतील तर तीही युजरला मिळतात. असं पान युजरला देऊ नका. त्याऐवजी ड्रायव्हरमध्ये रीड, राइट किंवा आयओसीटीएल लिहा.

फाइल बंद केली तरी एममॅपचं मॅपिंग टिकून राहतं, हेही ड्रायव्हर लिहिणारे विसरतात. थंडरबोल्टनं जोडलेलं उपकरण युजरनं मधेच ओढून काढलं, तर त्याच्या प्रोग्रामात त्या जुन्या पत्त्याची नोंद तशीच असते. उपकरण निघताना ड्रायव्हरनं अनमॅप_मॅपिंग_रेंज बोलावून त्या नोंदी पुसायच्या आणि फॉल्ट हँडलरमधून सिगबस हा प्रोग्राम थांबवणारा सिग्नल द्यायचा. पुढच्या वाचनाला तो प्रोग्राम बंद पडेल, आणि तो पट्टा उद्या दुसऱ्या उपकरणाला मिळाला तरी त्याच्या रजिस्टरांवर हा जुना प्रोग्राम लिहू शकणार नाही.